अल्बम, प्रकाशन आणि कवीचे हरवलेले नाव

एखाद्या तरुण गायकाने आपल्या अल्बमच्या प्रकाशनासाठी साहित्य मंडळाचे व्यासपीठ मागितले, की आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. पॉप गाणी हा बाजाराचा विषय, साहित्य संस्थेचा त्याच्याशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. हा प्रश्न सोवळेपणातून आलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. मात्र अल्बम काढणारी मंडळी ज्या रीतीने तो काढतात, तीही शब्दाची बूज राखणारी नाही. तेव्हा दोन्ही पक्षांना चार शब्द सुनावणे प्राप्त आहे.

प्रथम सोवळ्याचा समाचार घेऊ. ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला. परंतु त्यातील शीर्षक-कविता गो. ना. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेने १९३०च्या दशकाच्या आरंभीच घरोघर पोहोचवली होती. पुस्तक मागाहून आले, तबकडी आधी आली. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांचे काव्य १९५२ साली छापले गेले. पण ज्या आयाबायांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत ते रेडिओ आणि तबकडीवाटेच गेले. १९७४ सालच्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर आणि कुसुमाग्रज एकाच मांडवाखाली बसले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे यांनी ‘गारवा’ हा अल्बम काढला, तेव्हा सौमित्र यांच्या कविता गाण्यांच्या जोडीने वाचूनही दाखवल्या गेल्या. कवितेचे पुस्तक कधी हाती न धरलेल्या कॉलेजातील मुलांनी त्या तोंडपाठ केल्या. एवढे सारे घडल्यावरही अल्बमचा आणि साहित्याचा संबंध काय, असे विचारणाऱ्याला काय म्हणावे?

आपल्यापुरता तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांतील मराठी घरांत आज तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी पुस्तक त्यांच्या हाती क्वचितच पडते. पण हळदीच्या रात्री वाजणारे मराठी आणि अहिराणी गाणे त्यांच्या कानी हमखास पडते. त्यांची मातृभाषेची शिदोरी हीच उरली असेल, तर तिच्यात काय बांधून दिले जाते, हे पाहणे साहित्य मंडळाचे कर्तव्य ठरते. दार लावून घेतल्याने गाणे थांबत नाही. फक्त त्यावरची आपली नजर जाते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. प्रकाशन सोहळ्याची निमंत्रणपत्रिका पाहावी. पुढाऱ्यांची नावे मोठ्या टायपात, प्रायोजकांची त्याखाली, गायकाचे छायाचित्र मधोमध. गाणे लिहिले कोणी? नाव नाही! १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी मुद्रण करताना गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारले, म्हणून ते आजही ऐकू येते. कवीचे नाव उच्चारायला कोणीच नसते. पूर्वी कॅसेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत का होईना, ते सापडे. मोबाईलवर गाणे वेष्टनाविनाच येते. कायदाही येथे तोकडा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२-अ ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष मागते. कवीने हक्क विकून टाकला असेल, तर त्याचे नाव छापण्याची सक्ती हे कलम करीत नाही.

हक्काचे मोल काय, हे सांगायला एक उदाहरण पुरे. नवरात्रात जिच्या तालावर अवघा गुजरात गरबा खेळतो, त्या फाल्गुनी पाठक यांचे १९९९ साली गाजलेले गाणे २०२२ साली नव्या रूपात बाजारात आले. त्यांना ते रुचले नाही. न्यायालयात का जात नाही, असे विचारता हक्क आपल्याकडे नाहीत, असे त्यांनी सांगितले. एवढ्या नामवंत गायिकेची ही स्थिती, तर नवागामच्या गल्लीत बसून गाणे लिहिणाऱ्या कारागिराला कोण विचारतो!

वास्तविक कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर, चित्रपटाबाहेरच्या अल्बमसाठी हक्क दिला तरी मानधनातील समान वाट्यावरचा कवीचा दावा शाबूत राहतो. पण हजार-दोन हजार रुपये हातावर टेकवून कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्याला हे ठाऊक नसते, अथवा ठाऊक असून तो बोलत नाही. सरकारी सेवेत दस्तऐवज हाताळण्यात हयात गेलेल्या माणसाला एवढे निश्चित कळते, की जो करार वाचून दाखवला जात नाही, तो दुबळ्याच्या हिताचा नसतो.

म्हणून सूचना अशी आहे. मंडळाने अल्बम प्रकाशनास आपले सभागृह अवश्य द्यावे, पण तीन अटींवर. पहिली, सर्व गीतांचे शब्द छापून श्रोत्यांच्या हाती द्यावेत. दुसरी, निमंत्रणपत्रिकेवर, मोबाईलवरील प्रत्येक गाण्याखाली आणि व्यासपीठावर कवीचे नाव गायकाच्या बरोबरीने यावे. तिसरी, कवीशी झालेला लेखी करार मंडळाच्या चिटणीसांना दाखवावा. शब्द छापायला लाज वाटावी अशी गाणी पहिल्याच अटीला गळून पडतील. त्यासाठी वेगळी परीक्षक समिती नेमण्याचे कारण नाही.

या अटी जाचक वाटणाऱ्यांनी अन्य सभागृह खुशाल शोधावे. ज्यांना अल्बमच नको आहे, त्यांनी मात्र आपल्या नातवंडाला मराठीतील एखादी कविता म्हणायला सांगावे आणि ती त्याने कोठून उचलली, हे विचारावे. उत्तर ऐकून मग मंडळाच्या सभेत विरोधाचे मत नोंदवावे.