‘मान्य आहे’ दाबायच्या आधी

पेमेंट ॲप उघडलं की मधेच पाटी येते, ‘आमचं गोपनीयता धोरण आणि अटी बदलल्या आहेत.’ खाली बटण, ‘मान्य आहे’. कांदा काढणीच्या बाया मजुरीसाठी थांबलेल्या असतात, ती इंग्रजी पानं वाचणार कोण? दाबतो आपण.

माझ्या मते हे कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखंच. सावकाराला निदान आपलं कर्ज तेवढंच ठाऊक असायचं. ॲपला पट्टीचे पैसे कधी आले, खताच्या दुकानात किती गेले, सगळं दिसतं. कर्ज विकणाऱ्याला अशी माहिती सोन्याच्या मोलाची.

कायदा आपल्या बाजूचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 सांगतो: कोणती माहिती घेणार, कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगा आणि आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांचा पर्याय द्या. मराठी त्यात आहेच. दिलेली संमती मागेही घेता येते. पण नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले तेव्हा बहुतेक तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत दिली गेली.

मुदत कशाला बघायची? जाहिरात मराठीत करता येते, मग अटी का नाही? काय बदललं ते पाच ओळींत, मराठीत, सगळ्यात वर लिहा. एवढंच मागणं आहे.

तोवर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्या बघा, नको त्या बंद करा. ‘अटी बदलल्या’ म्हणून मेसेजमध्ये लिंक आली तर दाबू नका, थेट ॲप उघडून बघा.

तुमच्याकडे ही पाटी कोणत्या भाषेत आली? खाली लिहा.