आधी यादी, मग फॉर्म

ग्रामपंचायतीला पहिल्यांदा उभं राहू पाहणाऱ्या माणसाला गावात सगळ्यात आधी विचारतात, ‘खर्च किती करणार?’ या प्रश्नाला घाबरून कितीतरी चांगली माणसं मागे सरतात. तुम्ही सरू नका. त्याआधी आपल्या वॉर्डात मतदार किती आहेत ते बघा. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात, एका वॉर्डातून साधारण दोन-तीन निवडून जातात, आणि बहुतेक वॉर्डांत मतदार असतात काही शे. एवढ्या माणसांना नावानिशी ओळखता येतं, प्रत्येकाच्या घरी दोनदा जाता येतं. त्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि तो वेळ निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी काढावा लागतो.

मतदार यादीपासून सुरुवात करा. ग्रामपंचायतीसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी घेऊन तीच वॉर्डवार फोडतात. त्यामुळे विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर इथेही नाही. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचे नमुना ६चे, आणि लग्न होऊन गावात आलेल्या, माहेरच्या यादीत नाव असलेल्या सुनांचे नमुना ८चे अर्ज आत्ताच बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्या. यादी फोडताना चुका होतात. नवरा एका वॉर्डात, बायको दुसऱ्यात. मळ्यातली अख्खी वस्ती शेजारच्या वॉर्डात गेलेली. प्रारूप यादी लागली की हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत यादी हातात घेऊन घरोघर पडताळा आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या. ग्रामपंचायतीत एका मताने निकाल फिरतो. समान मतं पडली तर चिठ्ठी काढून ठरतं. दोन घरांची नावं पलीकडे गेली, तर तुमचं वर्षभराचं काम त्यात वाहून जाऊ शकतं.

मग एक वही करा, घरवार. कोण मयत आहे, कोण सासरी गेली, कोण पुण्या-मुंबईला आहे, कोण ऊसतोडीला गेलंय. १५ जानेवारी २०२१ला राज्यातल्या हजारो गावांत मतदान झालं, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू होता. आपला मतदार त्या दिवशी कुठे असेल, हे आधी ठाऊक असलेला उमेदवार त्याच्याशी महिनाभर आधी बोलू शकतो.

कागदांचं मात्र अगदी मनापासून सांगतो. लोकांची मनं जिंकून छाननीत अर्ज किंवा नंतर कोर्टात पद गमावणं फार जिव्हारी लागतं. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती जपा. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पास असल्याचा दाखला हवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभं राहता येत नाही, हे तर ठाऊक असेलच. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचं लोक विसरतात. घर सासऱ्यांनी बांधलं, मी नाही, असं म्हणून सुटका होत नाही. अतिक्रमणाच्या घरात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या ताईंना जातीचा दाखला माहेरच्या कागदांवर काढावा लागतो. वडिलांचा शाळेचा दाखला, जुन्या नोंदी, लग्नानंतर बदललेल्या नावाचा पुरावा हे सगळं जमवून पडताळणी समितीकडे अर्ज टाकायला महिने जातात. आरक्षणाची सोडत निघण्याची वाट बघत बसू नका. आणि फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नका. डिसेंबर २०२० मध्ये ऑनलाइन यंत्रणा इतकी अडखळली होती, की राज्य निवडणूक आयोगाला हाताने भरलेले अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली.

घरी गेल्यावर काय बोलायचं? आधी ऐका. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कुठे तुंबतं, स्मशानाच्या वाटेवर पावसात काय हाल होतात. हमीभाव, कर्जमाफी ग्रामपंचायतीच्या हातात नाही, त्याचं आश्वासन देऊच नका. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या गावाचा आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही बघता येतो. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. हे वाचून गेलेला उमेदवार ‘हे काम या पैशातून होईल’ असं सांगू शकतो, आणि लोकांना ते लगेच कळतं.

ताई, तुमच्या जागेवर तुम्हीच बोला. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी पत्रकावर पतीचा फोटो मोठा आणि दारात बोलतात भाऊजी. निवडून आल्यावर मासिक सभेत सही तुमची लागणार आहे, जबाबदारीही तुमच्यावरच येणार आहे. दुपारी, पुरुष शेतावर असताना, बचत गटाच्या दोघी-तिघींना घेऊन फिरा. त्या वेळी स्वयंपाकघरात जे ऐकायला मिळतं, ते पारावर कधीच मिळत नाही.

मटणाच्या पंगती आणि पाकिटांच्या वाटेला जाऊ नका, अशी हात जोडून विनंती आहे. त्यासाठी काढलेलं कर्ज पुढे गावाच्याच कामातून वसूल होतं, हे गावाला कळतं. बिनविरोध करायचं असेल तर ते बोलून, समजुतीने करा, बोली लावून नको. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली.

इथे पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, शिट्टी, छत्री असलं काही मिळतं, आणि तेही माघारीची मुदत संपल्यावर. मतदानाला त्यानंतर थोडेच दिवस उरतात. तेव्हा म्हाताऱ्या माणसांजवळ बसून चिन्ह ओळखीचं करून द्या आणि मत कसं द्यायचं तेही समजवा. वॉर्डातून जेवढे सदस्य निवडायचे तेवढी बटणं, आणि सरपंच थेट निवडायचा असेल तर त्याचं वेगळं. एकच बटण दाबून लोक बाहेर पडू बघतात.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा, चहापाण्यासकट रोजचा हिशेब लिहा. मर्यादा किती ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनाही. हरलो म्हणून कागद फेकून देणारे खूप असतात, आणि हिशेब न दिल्याबद्दल पाच वर्षांसाठी अपात्र ठरवलं, तर पुढच्या वेळी त्यांचा फॉर्म छाननीतच उडतो.