संशोधनाची मोजणी आणि संशोधनाची पारख



कार्यक्षमता हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. एस.टी.च्या आगारात एका लिटर डिझेलवर गाडी किती किलोमीटर धावली हे पाहिले जाते. साखर कारखान्यात शंभर किलो उसातून किती साखर निघाली यावरून उतारा ठरतो. दोन्ही ठिकाणी गणित एकच : निष्पत्ती भागिले खर्च. गेल्या काही वर्षांत हेच गणित आपल्या विद्यापीठांतील संशोधनालाही लावले जात आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या बाबतीत ते कितपत योग्य आहे, याविषयीचे माझे मत येथे मांडावयाचे आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसाठी गुणांवर आधारित शैक्षणिक कामगिरी निर्देशांक लागू केला. शोधनिबंध, ग्रंथ, चर्चासत्रांतील निबंधवाचन यांना ठरावीक गुण मिळू लागले. वशिल्याला आळा घालणारी वस्तुनिष्ठ कसोटी असावी, ही अपेक्षा गैर नव्हती. परंतु निबंधांची संख्या हीच कमाई ठरल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे ‘केअर’ ही नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. याद्या बदलल्या, तरी निबंध वाचण्याऐवजी मोजण्याची सवय मात्र कायम राहिली.

या मोजणीतील मुख्य अडचण निष्पत्तीच्या बाजूला आहे. वेतन, अनुदान, वर्षे हा खर्च मोजता येतो. ज्ञानाचे एकक मात्र कोणते मानावे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी साडेबाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळण्यात आली. प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले; पुढील तेवीस वर्षे इतरांनी ते काम चालविले. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवर रचावयाच्या संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये हाती घेण्यात आले. सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. तोपर्यंतच्या अठ्ठावीस वर्षांत दरवर्षी ‘प्रसिद्ध खंड किती?’ एवढेच विचारले असते, तर उत्तर शून्य आले असते.

यावर कोणी म्हणेल की, असे दाखले देऊन कोणताही आळस झाकता येईल. हा आक्षेप रास्त आहे. रेंगाळलेला प्रत्येक प्रकल्प थोर नसतो आणि विद्यापीठांचा पैसा बव्हंशी जनतेचा असतो. पण कोशाच्या उदाहरणातच या आक्षेपाचे उत्तर आहे. वर्षभरात किती ग्रंथ वाचले, किती चिठ्ठ्या लिहिल्या, याचा हिशेब मागता येतो आणि तो मागितलाच पाहिजे. हा कामाचा हिशेब झाला. त्या कामाचे मोल काय, हे मात्र जाणकाराने ते वाचूनच ठरवावे लागते. मोजणी आणि पारख ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की घोटाळा होतो.

निबंध मोजण्याऐवजी त्यांचे संदर्भ इतरांनी किती वेळा दिले हे मोजावे, असे काही जण सुचवितात. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेला ‘एच-निर्देशांक’ याच प्रकारचा आहे. ज्याच्या दहा लेखनकृतींचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ दिला गेला, त्याचा निर्देशांक दहा. म्हणजे ज्याने आयुष्यभर खपून एकच श्रेष्ठ ग्रंथ लिहिला, त्याचा निर्देशांक एकाच्या पुढे जाऊच शकत नाही; मग तो ग्रंथ हजारोंनी वाचलेला का असेना.

याहून गंभीर बाब भाषेची आहे. ज्या आंतरराष्ट्रीय सूचींवरून हे संदर्भ मोजले जातात, त्यांत इंग्रजी नियतकालिकांचे प्राबल्य आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीवरील मराठी निबंधाचा आधार मराठी पुस्तकाच्या तळटीपेत घेतला गेला, तर त्याची नोंद तेथे सहसा होत नाही. परिणामी तरुण संशोधकाला मराठीत लिहिणे परवडेनासे होते आणि ज्यांच्या बोलीचा अभ्यास झाला, त्यांनाच तो वाचता येत नाही. संशोधन-मूल्यमापनाविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायडन जाहीरनाम्या’च्या दहा तत्त्वांत स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे, हे एक तत्त्व आहे. आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, असेही तो सांगतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, नेमणूक किंवा बढतीच्या वेळी उमेदवाराने निबंधांची लांबलचक यादी न देता आपल्या निवडक तीन कृती द्याव्यात. समितीने त्या प्रत्यक्ष वाचाव्यात आणि आपला अभिप्राय कारणांसह, सहीनिशी लिहून द्यावा. उमेदवाराला तो पाहता यावा. वशिल्याचा धोका येथेही आहे, परंतु लेखी कारणांना जाब विचारता येतो, तोंडी शिफारशीला नाही. कोश, संपादित संहिता, बोलींची ध्वनिमुद्रणे, अनुवाद हेही संशोधनच मानावे. दीर्घ प्रकल्पांचा आढावा दरवर्षी घ्यावा, पण निवाडा करण्यास पुरेसा अवधी द्यावा. यात वेळ आणि पैसा अधिक लागेल, हे उघड आहे. तो खर्च विद्यापीठांनी पत्करावा.

हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा नाही. या अभ्यासक्रमात आपण जे कोश, संहिता आणि इतिहासग्रंथ हाताळता, त्यांपैकी एखाद्याची प्रस्तावना या सत्रात आवर्जून वाचा. ते काम किती वर्षे चालले, किती जणांनी केले, त्याला पैसा कोणी दिला, याची टिपणे काढा. आजच्या नियमांनुसार त्या मंडळींना किती गुण मिळाले असते, याचाही अंदाज करून पाहा.