दिवेलागणीनंतरचा मोबाइल

रात्रीचे अकरा वाजले तरी मूल झोपत नाही, सकाळी बालवाडीसाठी उठवायला गेलं की हातपाय झाडतं, दिवसभर किरकिर करतं आणि मनासारखं झालं नाही की जमिनीवर अंग टाकून देतं. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या कितीतरी आयांची ही तक्रार असते. ‘हट्टीच आहे मुळी’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण भगिनींनो, मुलाला हट्टी ठरवण्याआधी एक साधा हिशेब करून पाहा बरं!

तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे. रात्री ११ ला झोपून सकाळी ७ ला उठणाऱ्या मुलाची झोप होते ८ तास. दुपारचा एक तास धरला तरी ९ च. म्हणजे रोज निदान एक तास कमी, आठवड्याला सात! झोप अपुरी झाली की आपण पेंगतो. लहान मूल मात्र पुष्कळदा पेंगण्याऐवजी चेकाळतं, चिडतं. मग गप्प बसावं म्हणून आपण त्याच्या हातात मोबाइल देतो. त्याने झोप आणखी लांबते आणि दुसऱ्या दिवशी किरकिर वाढते.

असं का होतं? अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होऊ लागतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला तेच कळवतं. प्रखर उजेडाने ते घटतं. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने ३ ते ५ वर्षांच्या काही मुलांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निजण्याआधी तासभर प्रखर उजेडात बसवलेल्या मुलांचं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं होतं. तो उजेड मोबाइलपेक्षा प्रखर होता, हे खरं. पण मोबाइल मुलाच्या अगदी नाकाशी असतो, आणि शिवाय एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू! मन शांत व्हायला सवडच मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, “संध्याकाळी पोळ्या लाटायच्या, मूल पायांत घोटाळतंय, मोबाइल दिला नाही तर करू काय?” अगदी बरोबर आहे. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल, टीव्ही नकोच. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात फार तर एक तास, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. तो तास दुपारनंतर, चार-पाचच्या सुमाराला देऊन टाका. दिवेलागणीनंतर मात्र नाही.

स्वयंपाकाच्या वेळी मुलाला जवळच बसवा. कणकेचा छोटा गोळा द्या, कोथिंबीर निवडायला द्या, रिकाम्या डब्यांची झाकणं जुळवू द्या. पसारा होईल, होऊ दे. जेवण साडेसातच्या सुमाराला उरका. मग हातपाय धुऊन, ट्यूबलाइट मालवून मंद दिवा लावा आणि रोज त्याच वेळी अंथरुणावर गोष्ट सांगा. गोष्ट तीच ती असली तरी मुलांना चालते, उलट हवीच असते.

मोबाइल हिसकावून मात्र घेऊ नका. “हे गाणं झालं की बंद” असं आधी सांगा आणि बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. चौथ्या दिवशी कंटाळून दिलात, तर रडलं की मिळतं एवढंच ते शिकेल. घरातल्या मंडळींनाही सांगून ठेवा. आईने नाही म्हणायचं आणि बाबांनी शेजारी पडून क्रिकेट लावायचं, असं झालं तर सगळं मुसळ केरात!

इतकं करूनही मूल झोपेत रोज जोराने घोरत असेल किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी दोन-तीन आठवडे नेटाने करून पाहा. नऊच्या आत मूल निजलं, तर रात्रीचे दोन तास तुमचेही होतील. त्यांची तुम्हालाही गरज आहेच ना?