डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरेच का?

दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा सातवीतला मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. त्यातल्या व्हिडिओत एकच माणूस बाकावर स्वतःच्याच शेजारी बसून गप्पा मारीत होता. "सर, याला सिद्धी आहे म्हणे! आमच्या वर्गातली मुलं याला मानतात," तो म्हणाला. त्याचे वडील हसले, "अरे, ती सगळी कॉम्प्युटरची जादू!" मला दोन्ही उत्तरे सारखीच वाटली. 'सिद्धी' म्हटले काय किंवा 'जादू' म्हटले काय, विचार तेथेच थांबतो.

खरे पाहता ही युक्ती संगणकाहून कितीतरी जुनी आहे. १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा मूकपट काढला. त्यात दरोडेखोर रेल्वेच्या तारघरात शिरतात आणि खिडकीतून आगगाडी येताना दिसते. तारघर हा नुसता उभारलेला देखावा. तेथे गाडी कोठून येणार? चित्रण करताना खिडकीचा भाग झाकलेला होता. झाकलेल्या भागातून प्रकाश आला नाही, म्हणून फिल्म तेवढ्या जागी कोरी राहिली. नंतर तीच फिल्म पुन्हा वापरून, आता बाकीचा भाग झाकून, कोऱ्या जागी खरी गाडी टिपली. गाडी हलते, झाकण मात्र जागचे हलत नाही. यालाच स्थिर मास्क म्हणतात.

आज झाकणाची जागा आकड्यांनी घेतली आहे. चित्रातील प्रत्येक बिंदूला संगणक ० ते १ मधला एक अंक देतो. १ म्हणजे वरचे चित्र पूर्ण दिसेल, ० म्हणजे खालचे. समजा, एका बिंदूची तेजस्विता वरच्या चित्रात २०० आणि खालच्यात १०० आहे. अंक ०.५ असेल, तर ०.५ × २०० + ०.५ × १०० = १५० असे उत्तर येते. मास्कच्या कडेला अंक १ वरून ० पर्यंत हळूहळू उतरवले की जोड दिसेनासा होतो. यात जादू कोठे आहे? हा तर तुमच्या पाठ्यपुस्तकातला गुणाकार!

माझे स्पष्ट मत असे की, हा प्रयोग प्रत्येक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असावा. साहित्य थोडेच लागते. मोबाइल पुस्तकांच्या चवडीला घट्ट टेकवा. मित्राला आधी बाकाच्या डाव्या बाजूला बसवून चित्रण करा, मग उजव्या बाजूला. मोबाइल केसभरही हलता कामा नये, कारण मास्क स्थिर असतो. उन्हात करणार असाल, तर वेळ दवडू नका. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. २० मिनिटांत सूर्य आकाशात ५ अंश सरकतो आणि दोन्ही भागांतील सावल्या जुळत नाहीत.

"मुलांना लबाडी शिकवता की काय?" असे माझ्या एका सहकाऱ्यांनी विचारले. माझे उत्तर असे, की फसवणाऱ्याला ही युक्ती आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ती फसणाऱ्याला. अट एकच : व्हिडिओशेजारी तो कसा केला याचा तक्ता टांगलाच पाहिजे.

एवढे शिकून प्रत्येक खोटे चित्र ओळखता येईल, असे मी म्हणणार नाही. आज माणसाबरोबर सरकणारे मास्क आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर कॅमेऱ्याशिवायच चित्र घडवते. पण 'हे कसे केले असेल?' हा प्रश्न ज्याला एकदा पडू लागला, तो हात जोडण्यापूर्वी थोडा थांबतो. ते थांबणे मला फार मोलाचे वाटते.

त्या मुलाने पुढच्याच रविवारी प्रयोग केला. बसताना त्याचा पाय मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला आणि व्हिडिओत घोट्याखालचा पाय गायब झाला! तो खो खो हसला. मग त्याने स्वतःहून तो पहिला व्हिडिओ पुन्हा लावला, नीट पाहिला आणि म्हणाला, "सर, हा माणूस बाकाच्या मध्यापलीकडे हात एकदाही नेत नाही!"