आपल्या शिवाराचा मिलिमीटर

दरवर्षी जूनमध्ये कृषी विभागाचा सल्ला येतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. सल्ला रास्तच आहे. वरवरची माती भिजली म्हणून सोयाबीन पेरले आणि पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली, की दुबार पेरणीचे संकट उभे राहते. पण हा सल्ला पाळायचा कसा? आपल्या शिवारात आजवर किती मिलिमीटर पाऊस झाला, हे बहुतेक गावांत कोणालाच ठाऊक नसते. हाती असतो तो महसूल मंडळाचा आकडा, आणि एका मंडळात कितीतरी गावे येतात. भरपाईचेही तेच. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. संत्र्याच्या बागांचा हवामान आधारित विमाही मंडळातल्या यंत्राच्याच नोंदींवर ठरतो. पेरणीपासून विम्यापर्यंत शेतकऱ्याचा सगळा व्यवहार मिलिमीटरमध्ये चालतो आणि ते मिलिमीटर मोजले जातात दुसऱ्याच शिवारात. म्हणून बुलढाणा जिल्ह्यात प्रत्येक गावातल्या निदान दोन-चार घरांनी रोजचा पाऊस, आणि जमल्यास तापमानही, मोजून वहीत लिहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

यावर पहिला प्रश्न येतो तो ‘महावेध’चा. राज्यात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. मग घरोघरी कशाला? उत्तर आपल्या जिल्ह्याच्या भूगोलात आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचावर, तर घाटाखालचे मलकापूर त्याहून सुमारे चारशे मीटर खाली. एवढ्या उतारात हवेचे तापमान अडीच अंशांच्या आसपास बदलते. उत्तरेला सातपुडा, मधून पूर्णेचे खोरे, त्यात खारपाणपट्टा, दक्षिणेला घाटमाथा आणि पैनगंगेचा उगम. एका आकड्यात मावणारा हा प्रदेश नव्हे. त्यातच जूनचा आणि परतीचा पाऊस गडगडाटी ढगांचा. असा ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यात कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. 1997 च्या जुलैत अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात हेच घडले. एका बाजूला अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस, काही मैलांवर पन्नासच्या आत. त्या पुरानंतर, 1998 मध्ये, तिथे नागरिकांच्या घरच्या पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले आणि पुढे ते देशभर पसरले. 2023 च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना पुराने झोडपले, तेव्हा असे जाळे आपल्याकडे असते, तर कोणत्या नाल्याच्या वरच्या अंगाला किती पाणी पडले, हे गाववार मांडता आले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरगुती नोंद खरी कशावरून? ही शंका मी मोडीत काढत नाही. पत्र्याच्या छपराखाली टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, तापलेल्या पत्र्याचेच तापमान दाखवणार. बाजारात मिळणाऱ्या स्वयंचलित यंत्रांत पाऊस एका छोट्या झुलत्या वाटीने मोजला जातो. फार जोराच्या सरीत ती वाटी मागे पडते आणि आकडा कमी येतो. कोळ्याने जाळे विणले, पाला अडकला, तर यंत्र गप्पच. मात्र या चुकांची कारणे माहीत आहेत आणि उपायही. मापक मोकळ्या जागी हवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर. गच्चीच्या कठड्याशी तो नको, तिथे वारा थेंब उडवून नेतो. तापमापक सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून सव्वा मीटरवर. आणि महागडे यंत्र नसले तरी अडत नाही. सरळ उभ्या कडांच्या, सपाट बुडाच्या कोणत्याही भांड्यात साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की तेवढे मिलिमीटर पाऊस; भांड्याचे तोंड रुंद असो वा अरुंद, खोली तीच. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला, रोज त्याच वेळी मोजावे, म्हणजे आपला आकडा मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एका घराची चूक शेजारच्या दोन घरांच्या वह्या उघडी पाडतात. दोन-चार घरे म्हणतो ते यासाठीच.

सरकार ही वही मानणार नाही, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वहीतल्या 80 मिलिमीटरवर उद्या कोणी भरपाई देणार नाही. तरीही ‘आमच्याकडे जास्त पडला हो’ या तक्रारीत आणि तीन गावांतल्या सलग पाच पावसाळ्यांच्या तारीखवार नोंदीत फार अंतर आहे. मंडळाचे केंद्र आमच्या बाजूचा पाऊस पकडतच नाही, हे दाखवायला दुसरा मार्गही नाही. केरळातल्या वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने शेतकऱ्यांच्या मदतीने सुमारे दोनशे पर्जन्यमापकांचे जाळे चालवले आहे. 30 जुलै 2024 च्या भूस्खलनाआधी त्याच नोंदींवरून तिने प्रशासनाला धोक्याची सूचना दिली होती. दुर्घटना टळली नाही, पण सामान्यांच्या आकड्यांत किती बळ असते, हे सगळ्यांना दिसले.

उरतो तो मनातला आक्षेप: काल पडलेला पाऊस मोजून काय मिळणार, उद्याचे सांगा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, चार महिन्यांच्या पावसासाठी चार ढेकळे मांडली जातात आणि दुसऱ्या पहाटे भाकीत ऐकायला दुरून लोक येतात. त्या श्रद्धेमागची ओढ मला समजते. कोरडवाहू शेतीत ती असणारच. पण भाकीत घटाचे असो की उपग्रहाचे, ते आपल्या शिवारात खरे ठरले का, हे तपासायला पडलेल्या पावसाची नोंद लागते. शिवाय सोयाबीनला शेंगा भरताना खंड किती दिवसांचा पडला, हे आठवणीवर सोडले तर दर सांगणाऱ्यागणिक बदलते. म्हणून पाऊस नसलेल्या दिवशीही वहीत शून्य लिहायलाच हवे. रिकाम्या ओळीवरून पाऊस पडला नाही की कोणी मोजला नाही, ते पुढे कळत नाही. शून्य लिहिले असेल तर खंडाचे दिवस मोजता येतात.