बारवेच्या पायऱ्या आणि नारू

१/ दगडी पायऱ्या, कोनाडे, तळाशी हिरवे पाणी. बारवेचे छायाचित्र आपण उत्साहाने टाकतो आणि खाली लिहितो, ‘पूर्वजांचे जलव्यवस्थापन’. हा अभिमान रास्तच आहे. परंतु याच पायऱ्यांवरून एक रोग पिढ्यान्‌पिढ्या गावात येत राहिला, हे आपण लिहीत नाही. त्याचे नाव नारू.

२/ नारू म्हणजे माणसाच्या शरीरात वाढणारा कृमी. दूषित पाणी प्यायल्यानंतर सुमारे वर्षभर काहीच जाणवत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, भयंकर आग होते आणि त्यातून सुतासारखा, कधी मीटरभर लांबीचा कृमी बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढावा लागे. तुटला तर जखम चिघळे. हातावर पोट असलेल्या घराची त्या काळात मजुरी बुडे.

३/ आता पायऱ्यांकडे पाहा. रुग्ण पाणी भरायला उतरतो, दुखरा पाय पाण्यात बुडतो. कृमी तेथे हजारो अळ्या सोडतो. सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलचर त्या गिळतात आणि तेच पाणी घागरींतून घरोघर जाते. रहाटाने पाणी वर ओढले, तर पाय पाण्याला लागत नाही आणि हे चक्र तुटते.

४/ नारूवर लस नाही, तो बरा करणारे औषधही नाही. तरीही १९८३-८४ मध्ये भारताने निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले जात. उपाय साधे होते: पायविहिरींना कठडा व रहाट, हातपंप, दुहेरी कापडाने पाणी गाळणे, सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस आणि घरोघर रुग्णशोध. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

५/ पायऱ्या कोणी उतरायच्या, हाही प्रश्न होताच. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले.

६/ म्हणून माझे मत: बारवा जपाव्यात, गाळ काढावा, दीपोत्सवही करावा. पण ‘पूर्वीचे पाणी शुद्ध होते’ हे वाक्य आपण सोडून द्यावे. आजही गावातला हातपंप बिघडला की गरीब घर पुन्हा उघड्या पाणवठ्याकडे वळते. त्याची वेळेवर दुरुस्ती हा जलव्यवस्थापनाचा चालू अध्याय आहे.

७/ बारवेपाशी माहितीफलक लावाल, तेव्हा बांधणाऱ्याच्या नावाखाली दोन ओळी वाढवा: येथे कोणाला उतरू दिले जात नव्हते आणि उतरणाऱ्यांना येथून कोणते रोग होत. गावातल्या वृद्धांना विचारा. नारू पाहिलेले लोक अजून आपल्यात आहेत.